पार्क त्या दिवशी किती वाजता बंद होणार? सोलापूरहून निघण्याआधी करायची तपासणी, क्रमाने

थीम पार्कच्या सहलीत सगळ्यांत जास्त नुकसान एकाच गोष्टीने होतं. तिकीट खरं असतं, तारीख बरोबर असते, पण त्या दिवशी पार्क किती वाजता बंद होणार हे कुणी विचारलेलंच नसतं. एखाद्या कंपनीने संध्याकाळ आरक्षित केलेली असते आणि आठपर्यंत चालणारं पार्क पाचलाच रिकामं करायला लागतात. पुण्या-मुंबईची माणसं चिडतात आणि पुढच्या रविवारी परत येतात. सोलापूरकरांना ते जमत नाही. खोपोलीजवळचं इमॅजिका असो वा हैदराबादचं वंडरला, आपल्याला एका दिशेला तीनशे किलोमीटरच्या वर जावं लागतं. पहाटे निघूनही गेटवर पोहोचेस्तोवर दुपार होत आलेली असते. तिथे तीन तास कापले गेले, तर निम्मा दिवस गेला.

चूक बहुतेकदा क्रमात होते. आधी रेल्वे, मग हॉटेल, मग पार्कचं तिकीट, आणि वेळेची चौकशी शेवटी, किंवा नाहीच. खाली दिलेला क्रम याच्या उलट आहे. कंटाळवाणा वाटला तरी एकही पायरी गाळू नका.

## पायरी १ : "लवकर बंद" म्हणजे नेमकं काय, ते ओळखा

चौकशी करताना हे प्रकार माहीत नसले की समोरचा जे सांगतो ते अर्धवट कळतं.

पहिला प्रकार म्हणजे पूर्ण पार्क लवकर बंद. सर्वसामान्य पाहुण्यांना ठरावीक वेळी बाहेर काढतात आणि तासाभरात कंपनीचे पाहुणे आत येतात. दुसरा प्रकार जास्त फसवा. पार्क चालू असतं, पण एखादा भाग, एखादं रेस्टॉरंट किंवा मुख्य रंगमंच दोरी लावून बंद केलेला असतो. फोनवर "हो, पार्क चालू आहे" असं उत्तर येतं आणि ते खोटंही नसतं. तिसरा प्रकार पूर्ण दिवसाच्या आरक्षणाचा. त्या तारखेचं तिकीटच विक्रीला नसतं, त्यामुळे यात फसगत कमी होते. चौथा प्रकार म्हणजे वेगळ्या तिकिटाचा खास कार्यक्रम. दिवसाचं तिकीट असलेल्यांनी बाहेर पडायचं, संध्याकाळसाठी वेगळे पैसे. परदेशात हा सर्रास असतो, त्याबद्दल शेवटी सांगतो.

यात एक गोष्ट नेहमी निसटते. गेट बंद होण्याची वेळ आणि राइडची रांग बंद होण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या राइडची रांग आधीच थांबवतात. वॉटर पार्क असेल तर तो थीम पार्कच्या आधी बंद होतो. म्हणजे "सहाला बंद" ऐकलं की तुमच्या हातात सहापर्यंतचा वेळ आहे असं समजू नका.

## पायरी २ : एक नाही, दोन तारखा काढा

घरात बसून एकच तारीख पक्की करायची आणि मग सगळं जग त्या तारखेभोवती फिरवायचं, इथेच गाडी अडते. दोन तारखा काढा, शक्यतो वेगवेगळ्या आठवड्यांतल्या.

कंपन्यांचे कार्यक्रम कधी असतात याचा अंदाज बांधता येतो. डिसेंबर-जानेवारीत वर्षअखेरच्या पार्ट्या आणि वार्षिक स्नेहसंमेलनं, मार्चच्या आसपास डीलर मीट, दिवाळीच्या आधी कर्मचाऱ्यांचे कौटुंबिक मेळावे. वार बघाल तर गुरुवार-शुक्रवारची संध्याकाळ जास्त संशयाची. ऐन सुट्टीत पार्कला सर्वसामान्य गर्दीतूनच भरपूर मिळतं, म्हणून मे महिन्यातल्या रविवारी पूर्ण पार्क एका कंपनीला देण्याची शक्यता कमी. पण मेमधल्या रविवारी रांगाच इतक्या असतात की मी स्वतः लहान मुलांना घेऊन तो दिवस कधी निवडणार नाही. आठवड्याच्या मध्यातला मंगळवार किंवा बुधवार घ्या आणि चौकशी नीट करा, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेमुळे घरात पाहुणे, मुलांना सुट्टी, आणि "जोडून कुठेतरी जाऊन येऊ" असा बेत ठरतो. तो काळ नेमका कंपन्यांच्या कार्यक्रमांचाही असतो. त्या आठवड्यात जायचं असेल तर पुढची पायरी दुप्पट काळजीने करा.

तपासा : दोन्ही तारखांना घरातल्या सगळ्यांना जमतंय का? दुसरी तारीख नुसती नावापुरती असेल तर ती काढून उपयोग नाही.

## पायरी ३ : चौकशी करा, आणि ती लेखी करा

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि लोक सगळ्यांत घाईने हाच उरकतात.

आधी पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तारखेनुसार वेळापत्रक बघा. गूगलवर पार्कच्या नावाखाली दिसणारी वेळ धरू नका. ती रोजची सर्वसाधारण वेळ असते, एखाद्या दिवसाचा बदल तिथे बहुधा नसतो. तिकीट विकणाऱ्या ॲपवरही तीच वेळ उचललेली असते. संकेतस्थळावर तिकीट काढायच्या पानावर तारीख निवडल्यावर खाली बारीक अक्षरांत सूचना येते, ती पूर्ण वाचा.

मग फोन करा. इथे प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. "त्या दिवशी पार्क चालू आहे का?" असं विचारलंत तर "हो" एवढंच उत्तर मिळेल. असं विचारा :

१. अमुक तारखेला सर्वसामान्य तिकिटावर आम्हाला किती वाजेपर्यंत आत राहता येईल?
२. त्या दिवशी कुठल्या कंपनीचं, शाळेचं किंवा खासगी आरक्षण आहे का? असेल तर कुठल्या भागात आणि किती वाजल्यापासून?
३. मोठ्या राइडच्या रांगा किती वाजता थांबवता?
४. संध्याकाळची परेड किंवा शेवटचा शो त्या दिवशी होणार आहे का?
५. दुरुस्तीसाठी कुठली राइड बंद आहे?
६. आमचं तिकीट काढून झाल्यावर वेळ बदलली तर कळवणार कसं, आणि तारीख बदलून द्याल का?

कॉल सेंटरच्या माणसाला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा माहीतच नसतं. त्याच्यावर चिडू नका. पार्कचा समूह-आरक्षण किंवा कॉर्पोरेट विक्रीचा विभाग वेगळा असतो, तिकडे जोडून द्यायला सांगा. कुठल्या संध्याकाळी कोण येणार हे त्याच विभागाच्या वहीत असतं. तिथे थेट विचारायचं : "त्या दिवशी संध्याकाळी तुमच्याकडे कार्यक्रम आहे का?" ते ग्राहकाचं नाव सांगणार नाहीत आणि ते तुम्हाला नकोही आहे. होय की नाही, एवढं पुरे.

फोन ठेवल्यावर लगेच ईमेल किंवा पार्कच्या अधिकृत व्हॉट्सॲप क्रमांकावर संदेश पाठवा. मजकूर साधा ठेवा :

> नमस्कार. आम्ही सोलापूरहून १४ जण (९ मोठे, ५ मुलं) अमुक तारखेला येत आहोत. आज दुपारी तुमच्या प्रतिनिधीशी बोलणं झालं. त्या दिवशी पार्क सर्वसामान्य पाहुण्यांसाठी सकाळी ... पासून संध्याकाळी ... पर्यंत खुलं राहील आणि कोणताही भाग खासगी कार्यक्रमासाठी बंद नसेल, असं सांगण्यात आलं. कृपया हे खरं असल्याचं कळवावं. आम्ही ३०० किलोमीटरहून येत असल्याने त्यानुसारच रेल्वे आणि मुक्कामाचं आरक्षण करणार आहोत.

शेवटचं वाक्य गाळू नका. तुम्ही त्यांच्या शब्दावर विसंबून पैसे खर्च करणार आहात, हे त्यांना आधी माहीत होतं, याची ती नोंद आहे. पुढे भांडायची वेळ आलीच तर हा संदेश कामाला येतो.

इशारा : ट्रॅव्हल एजंटने "मी बोललोय त्यांच्याशी, काही काळजी करू नका" म्हटलं, तरी हा संदेश तुम्ही स्वतः पाठवा. एजंट वाईट असतो म्हणून नव्हे. तो बहुधा समूहाचा दर आणि जेवण यांबद्दल बोललेला असतो, बंद होण्याच्या वेळेबद्दल नाही.

## पायरी ४ : आरक्षणाचा क्रम

आता खरी कोंडी. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. पण पार्कचं त्या महिन्याचं वेळापत्रक इतक्या आधी पक्कं असेलच असं नाही. थांबावं तर गाडी भरते, काढावं तर तारीख हलण्याची भीती.

यावर माझा सल्ला असा. रेल्वेचं तिकीट आधी काढा, पण पार्कचं लेखी उत्तर येईपर्यंत ते तात्पुरतं समजा. रेल्वेत जितकं लवकर रद्द कराल तितकी कपात कमी होते, त्यामुळे निर्णय शेवटच्या काही दिवसांवर ढकलू नका. हॉटेल मात्र मोफत रद्द करता येईल असंच घ्या, भले दोनशे रुपये जास्त पडोत. आणि पार्कचं तिकीट घ्यायच्या आधी दोन गोष्टी वाचा : तारीख बदलता येते का, आणि "वेळेत बदल करण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील" या ओळीनंतर परताव्याबद्दल काय लिहिलंय. सवलतीच्या तिकिटावर बहुधा तारीख बदलत नाहीत. तीनशे किलोमीटरवरून येणाऱ्याने अशी सवलत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडी कुठली, यावरून लवकर बंद होण्याचा फटका किती बसेल हेही ठरतं. खोपोलीकडे जायचं तर सोलापूर-मुंबई वंदे भारत पहाटे निघून नऊच्या सुमारास पुण्याला सोडते. तिथून गाडी करून द्रुतगती मार्गाने पार्क गाठेपर्यंत अकरा-साडेअकरा होतात. त्याच दिवशी परतीची वंदे भारत धावत असेल, तर ती पुण्यात सायंकाळी सातच्या सुमारास असते. ती पकडायची तर तुम्हाला चार-साडेचारलाच बाहेर पडावं लागतं. हुतात्मा एक्सप्रेस तर त्याहून आधी सुटते. म्हणजे एका दिवसात जाऊन येणाऱ्यांना पार्क सहाला बंद झालं तरी फरक पडत नाही. फटका बसतो तो संध्याकाळच्या रोषणाईसाठी आणि परेडसाठी मुक्काम ठेवणाऱ्यांना. तुम्ही यांतले कोण, ते आधी ठरवा. त्यावर चौकशीत किती अडून बसायचं ते ठरेल.

स्वतःच्या गाडीने हैदराबादला जाणाऱ्यांनी नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबादमार्गे संगारेड्डी ओलांडल्यावर शहरात शिरू नये. पाटणचेरूजवळ बाह्य रिंग रोडला लागून वळसा घेतला की रावीरालजवळ वंडरलाकडे उतरता येतं. रामोजी फिल्म सिटी मात्र शहराच्या पलीकडे, विजयवाडा रस्त्यावर आहे. दोन्ही एका दिवसात बसवायचा हट्ट धरला की पहिल्या ठिकाणी उशीर होतो आणि दुसरं बंद होता होता गाठावं लागतं.

तपासा : पार्कचं लेखी उत्तर, तिकिटाच्या अटी, हॉटेल रद्द करण्याची शेवटची तारीख. या तिन्हींचे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनवर.

## पायरी ५ : आठ दिवस आधी, आणि आदल्या संध्याकाळी

आठ दिवस आधी संकेतस्थळावरची वेळ पुन्हा बघा. कंपन्यांचे कार्यक्रम उशिराही ठरतात, त्यामुळे महिन्यापूर्वीचं उत्तर तेव्हा खरं असलं तरी आता बदललेलं असू शकतं. बदल दिसला तर हॉटेल आणि रेल्वे दोन्ही हलवायला अजून वेळ आहे. दुसरी तारीख इथे उपयोगी पडते.

आदल्या संध्याकाळी पाचच्या आत एक शेवटचा फोन. त्याच वेळी पार्कच्या समाजमाध्यमांवरच्या पानावरही नजर टाका. अचानकच्या बदलाची सूचना पुष्कळदा संकेतस्थळाच्या आधी तिथे येते.

डबा बांधताना एक लक्षात ठेवा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी प्रवासात खायची, गेटच्या आत नाही. मोठ्या पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत आणि तपासणीच्या टेबलावर पिशव्या उपसण्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात. पार्क लवकर बंद होणार असेल तर ती मिनिटं महागात पडतात. खाऊन, बाकीचं गाडीत ठेवून मगच रांगेत लागा.

## पायरी ६ : दिवस शेवटाकडून मोजा

गेटवर पोहोचलात की आत शिरण्याआधी वेळेचा फलक शोधा. तो तिकीट खिडकीच्या बाजूला असतो, कधी नुसता छापील कागद चिकटवलेला असतो. त्यावर आजची बंद होण्याची वेळ वाचा आणि त्याचा फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असा. खिडकीवरच्या माणसालाही एकदा विचारा.

इशारा : फलकावरची वेळ तुम्हाला कळवलेल्या वेळेपेक्षा वेगळी असेल तर तिथेच थांबा. तिकीट स्कॅन करू नका, मनगटावर पट्टा बांधून घेऊ नका. आत गेल्यावर "तुम्ही सेवा घेतलीत" असं उत्तर मिळतं. पुढे काय करायचं ते सातव्या पायरीत आहे.

वेळ ठीक असेल तर मागून मोजा. समजा आज सहाला बंद. वॉटर पार्कसाठी भाड्याने घेतलेला पोशाख परत करायचा, अनामत घ्यायची, लॉकर रिकामं करायचं, ओल्या मुलांना कोरडं करायचं. हे सगळं शेवटच्या अर्ध्या तासात हजारभर माणसं एकदम करतात. अनामतीच्या खिडकीपुढे ओली पावती हातात धरून उभं राहिलेलं कुटुंब, मागे थंडीने कुडकुडणारं पोर, आणि पुढे चाळीस माणसांची रांग, हे दृश्य लवकर बंद होणाऱ्या प्रत्येक दिवशी असतं. म्हणून पाण्यातून बंद होण्याच्या सव्वा तास आधी बाहेर या. पोशाखाची पावती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. कागद भिजून फाटला की वाद होतो. जेवणाचं कूपन किंवा कार्डात भरलेले पैसे उरले असतील तर ते परत देणारी खिडकी आधी बंद होते, म्हणून तो हिशोब दुपारीच संपवा.

राइडचा क्रम : ज्या राइडसाठी मुलांनी हट्ट धरलाय ती पहिली. लोक छोट्या राइडपासून "सुरुवात करू" म्हणतात आणि मोठी संध्याकाळवर ठेवतात. लवकर बंद होणाऱ्या दिवशी ही चूक हमखास भोवते, कारण सगळ्यांनीच ती शेवटी ठेवलेली असते आणि रांग आधी थांबते. दुपारी एक ते अडीच, सगळे जेवायला गेलेले असताना, दुसरी मोठी राइड करा आणि जेवण तीनला घ्या. घरात मधुमेहाचा त्रास असलेलं कुणी असेल तर त्यांच्या जेवणाची वेळ हलवू नका, तेवढ्यासाठी दोन गट करा. उंचीची अट असलेल्या राइडसाठी मुलांची उंची घरीच मोजून ठेवा. तासभर रांगेत उभं राहून पोर परत फिरलं की दिवस बिघडतो.

## पायरी ७ : गेटवरच कळलं की आज लवकर बंद आहे

आवाज चढवू नका, पण बाजूलाही होऊ नका. पाहुणे-सेवा कक्षात जा आणि लेखी संदेश दाखवून क्रमाने मागा : पहिलं, दुसऱ्या दिवशीचा प्रवेश. मुक्काम असेल तर हाच सगळ्यांत चांगला तोडगा. दुसरं, पूर्ण परतावा. तिसरं, आत जायचंच असेल तर तिकिटाचा काही भाग परत किंवा पुढच्या भेटीचं कूपन. कूपन घेणार असाल तर त्याची मुदत बघा, सोलापूरहून पुन्हा सहा महिन्यांत जाणं होणार आहे का याचा प्रामाणिक विचार करा. जे ठरेल ते कर्मचाऱ्याच्या सहीने कागदावर किंवा ईमेलवर घ्या.

काहीच मिळालं नाही तर घरी आल्यावर आठवडाभरात पार्कला लेखी तक्रार पाठवा. सोबत तिकीट, फलकाचा फोटो, त्यांचा संदेश, प्रवासाच्या आणि मुक्कामाच्या पावत्या जोडा. नेमकी किती रक्कम हवी तो आकडा लिहा. "योग्य ती भरपाई" असं लिहिलेल्या तक्रारीला कुणी उत्तर देत नाही.

तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. पार्क रायगड जिल्ह्यात असो की तेलंगणात, तुम्ही सोलापूरच्या आयोगाकडे जाऊ शकता. ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं हेही याच कायद्यात सेवेतली त्रुटी धरलं आहे, आणि तुमची पहिली लेखी चौकशी इथे जड ठरते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत २ वर्षांची आहे. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

## परदेशी जाणाऱ्यांसाठी

सोलापुरातून सिंगापूरला जाणाऱ्या सहली वाढल्यात. तिथल्या युनिव्हर्सल स्टुडिओत सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत हॅलोविनच्या ठरावीक रात्री असतात आणि त्या दिवशी दिवसाच्या तिकिटाचं पार्क लवकर बंद होतं. दिवाळीच्या सुट्टीत जाणारे नेमके यात सापडतात. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये हॅलोविन आणि ख्रिसमसच्या पार्टीच्या दिवशी साधं तिकीट असलेल्यांना सायंकाळी सहाला बाहेर पडावं लागतं, आतषबाजी पाहायची तर पार्टीचं तिकीट वेगळं. टोकियो डिस्नेलँडमध्ये तर कंपन्यांसाठीच्या खासगी संध्याकाळी असतात.

या तिन्ही ठिकाणी तारखा संकेतस्थळावर आधी जाहीर होतात. टूर कंपनीच्या पत्रकात मात्र फक्त "पूर्ण दिवस" एवढंच छापलेलं असतं. पैसे भरण्याआधी टूर कंपनीकडून पार्कची तारीख लेखी घ्या, ती पार्कच्या वेळापत्रकाशी स्वतः जुळवून बघा, आणि जुळत नसेल तर कार्यक्रमातला तो दिवस बदलून मागा. व्हिसा झाल्यावर, विमानाची तिकिटं निघाल्यावर हा बदल कुणी करून देत नाही.